पहाऱ्याच्या यादीतली नावं

आये, तू जाऊन बारा वर्षं झाली. पुन्हा लढाई लागली आहे. पनवेलहून हुकूम आला आणि गावाच्या पहाऱ्याची यादी माझ्याकडे आली, कारण शाळा चौथीत सुटली तरी माझं अक्षर स्वच्छ आहे. प्रत्येक नाव मी दोनदा तपासलं. पुरुषांनी रस्ता आणि पूल राखायचा. भोंगा वाजला की बायकांनी पोरं घेऊन घरात बसायचं. खाडीच्या बांधावर मी कोणालाच ठेवलं नाही. शत्रू तिकडून येणार नाही, एवढाच विचार केला.

अवसेला भर दुपारी सरावाचा भोंगा वाजला. आम्ही सगळे काठ्या घेऊन पुलावर. तेवढ्यात उधाण चढलं, बांधाला खांड पडली आणि खारं पाणी पोटरीवर आलेल्या, लोंब्या फुटायच्या बेतातल्या भातात शिरू लागलं. परत येऊन बघतो तर तुझी सून कमरेएवढ्या पाण्यात, खांडीत उभी राहून चिखल लिंपतेय, मागे सातजणी मातीच्या पाट्या देतायत. खांडीत उतरायचं ते पुरुषाने, बाईने काठावरून पाटी द्यायची, ही आपली रीत. मला बघून ती ओरडली, “ओ यादीवाले, या पान्याला पन घरात बसवा!”

संध्याकाळी देवळात ती सगळ्यांसमोर म्हणाली, “बांधावर आमची नावं लिवा.” पंच हसले. “बायका पारा देनार, मंग आमी काय भाकऱ्या थापू?” ती म्हणाली, “थापा की! पयली करपंल, दुसरी जमंल.” सगळे माझ्याकडे बघत होते. मी दौत उघडली, आणि मला तू आठवलीस. मागच्या मोठ्या लढाईत बाबा लष्कराच्या कामाला लांब गेलेले, काका तापाने अंथरुणात, तेव्हा तूही अशीच खांडीत उतरली होतीस. बाबा सुट्टीवर आले. विचारतात, “खांड कोनी बांदली रं?” मी म्हणतो, “काकानी.” तू रीत मोडलीस म्हणून लोक बाबांना हसतील, ही भीती. तू चुलीपाशी ऐकतेस. भाकरी उलटतेस आणि सुक्या बोंबलाचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकतेस.

मी आठही नावं लिहिली, शाईने. आज त्यांचा दुसरा पहारा आहे. बांधावरून त्यांचं हसणं इथपर्यंत येतंय आणि भात उभं आहे.

बाबा ओटीवर बसलेत. त्यांना अजून वाटतं, ती खांड काकाने बांधली. हे पत्र यादीच्या वहीत ठेवून मी त्यांच्याकडे जाणार आहे. सकाळपासून दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आलोय.