दहाव्या तासाची खूण

प्रिय ताई,

नवी गाडी आली. फोनवर तू विषय बदलतेस म्हणून पत्र लिहितोय. पत्रात तुला मध्येच ‘बरं, आई कशी आहे’ असं घुसवता येणार नाही. आई बरी आहे. गुडघे तसेच, तोंडही तसंच. तर गाडी. जुन्या एटीव्हीसारखीच, मोटारसायकलचं हँडल आणि चार जाड चाकं, पण इंजिन मोठं आणि ताकद चारही चाकांना. टेकडीवरच्या टाकीपासून गावापर्यंतची पाइपलाइन आता सव्वा तासात बघून होते. बघायला माणूस मात्र नाही. तुझ्यानंतर दोघं आले आणि गेले, एकाला तर तिसरा व्हॉल्व्ह शेवटपर्यंत सापडला नाही. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत नाव मागितलंय, नाहीतर काम कंत्राटदाराच्या घशात. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी तुझ्या फाइलवर बोट ठेवलं. ती जागा तू परत घ्यावीस असं मला वाटतं, हे आधीच सांगून टाकतो. तिकडे खुर्चीत बसून लोकांचे अर्ज लावणं हे तुझं काम नाही.

गाडी रुळवायला तीन आठवडे गेले. पहिले वीस तास तिला दमानं घ्यावं लागतं. ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या वर न्यायचा नाही, एकाच वेगात फार वेळ ठेवायची नाही, चढावर ओझं ओढायला लावायचं नाही. मी पंपघराच्या मागच्या मैदानात सकाळ-संध्याकाळ चकरा मारायचो. पंपवाले काका खिडकीतून विचारायचे, अरे चालवतोयस की हवा खायला नेतोयस तिला? वीस तास झाल्यावर ऑइल काढलं. राखाडी होतं, त्यात चमकणारा बारीक चुरा. आतले भाग एकमेकांना घासून आपापली जागा करून घेतात, त्याचा तो चुरा. बोटांवर चोळून पाहिला. तू असतीस तर ओरडली असतीस की हात कपड्यांना पुसू नकोस. मी कपड्यांनाच पुसले.

मग गाडीत थोडा बदल केला. हिचा गिअर डाव्या पायानं टाकायचा असतो आणि तुझा डावा घोटा वाकत नाही. म्हणून गिअरच्या पट्टीला एक उभा दांडा जोडला, डाव्या हाताशी येईल असा. वेल्डिंग वर्कशॉपातल्या आपल्या ठिणगीनं केलं. पहिला दांडा गुडघ्याला लागत होता. दुसरा बरोबर उलटा बसला, वरचा गिअर टाकायला गेलो की खालचा पडायचा, आणि मी हँडलवर आपटायचो. ठिणगी पोट धरून हसला. तिसरा जमला. पाय ठेवायची पट्टी चार बोटं रुंद केली आणि उजव्या बाजूनं चढता यावं म्हणून एक पायरी लावली. नीट झालंय की नाही हे कळायला आठवडाभर डाव्या घोट्याला लाकडी पट्टी बांधून सगळी लाइन फिरलो. आई म्हणाली, याचं डोकं फिरलंय. जमतं, ताई. उतारावर थोडं मागे रेलून बसावं लागतं, एवढंच.

देखभालीची वहीही नवी केली. जुनी तुला आठवत असेल, निळ्या पुठ्ठ्याची. ती मी कशी भरायचो ते तू बघितलेलं नाहीस. सोमवारी सकाळी चहा पिता पिता अख्ख्या आठवड्याच्या खुणा एका दमात करून टाकायचो. ऑइल, हवा, ब्रेक, नट, सगळं बरोबर. कामं मग आठवडाभर जमतील तशी उरकायचो, आणि बहुतेक उरकायचीही. वही नेहमी टापटीप दिसायची, साहेब इतरांना दाखवायचे. आता ज्या वस्तूला हात लावला तिच्यापुढेच खूण करतो. वही अर्धी रिकामी दिसते आणि साहेब नाक मुरडतात.

चाकं नवी बसवली की ती पहिल्या दहा तासांत आपल्या जागी बसतात आणि नट सैल होतात, म्हणून दहा तासांनी ते पुन्हा आवळायचे असतात. हे मी आता शिकलो असं नाही. दोन वर्षांपूर्वीही मला माहीत होतं. जुन्या गाडीला नवी चाकं मी शुक्रवारी बसवली. दहा तास बुधवारी भरले. नट आवळल्याची खूण मी सोमवारीच करून ठेवली होती, आणि बुधवारी पंप बिघडला, त्यात नट राहूनच गेले. गुरुवारी तू तिसऱ्या व्हॉल्व्हच्या उतारावर होतीस आणि पुढचं डावं चाक निघालं. चौकशीत वही मागवली. खूण होती, म्हणजे नट आवळलेले होते, म्हणजे चूक वेगाची. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, असेल, माझाच वेग जास्त असेल. माझ्या वहीवर तुझा तेवढा विश्वास होता. मी दाराशी उभा होतो आणि गप्प बसलो, नोकरीच्या भीतीनं. नंतर दवाखान्यात तुझ्या उशाशी बसायचो तेव्हाही गप्पच. मला स्वतःची लाज वाटते, ताई.

काल निळ्या वहीतलं ते पान साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि शेजारी लेखी दिलं की खूण खोटी आहे, नट मी आवळले नव्हते. तुझ्या फाइलमधला ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हा शेरा काढतो म्हणालेत. माझं काय ते पुढच्या आठवड्यात ठरेल. मी इथे असेन-नसेन, जागा तुझी आहे. त्या पानाची प्रत सोबत ठेवलीय. मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण ते तू ठरवायचं. फक्त एक कर. आलीस तर बसण्याआधी चारही चाकांचे नट स्वतः आवळ. पाना सीटखाली आहे. माझी वही बघू नकोस.

तुझाच,
धाकटा