वैष्णवीची उशी

मंगळवार, संध्याकाळ. डोणगाव.

बाबांच्या जुन्या गाडीनं रोज बुलढाण्याला कॉलेजला जायचं ठरवलं तेव्हा मी खर्चात पेट्रोल तेवढं धरलं होतं. पाठदुखी धरली नव्हती. लायब्ररी सोडून उजेडातच परत निघावं लागेल, तेही नाही. आणि वैष्णवी तर नाहीच.

होस्टेलची माझी जागा मी तिच्यासाठीच सोडली ना? तिचे बाबा म्हणाले होते, "पोरगी संध्याकाळी घरी पाह्यजे. तू नेत असशील तं शिकू दे." मग मी गाडी चालवायची आणि ती शेजारी उशी घेऊन चिखलीपर्यंत झोपायची. मला जांभई द्यायचीही भीती.

काल म्हणाली डोकं दुखतंय, येत नाही. आज सकाळी तिच्या दारात हॉर्न वाजवला तर काकू बाहेर आल्या. "अवं, थे तं कालच गेली ना सामान घेऊन! होस्टेलात जागा भेटली तिले. तुले नाही सांगतलं?"

कोणती जागा, ते दुपारी वॉर्डनबाईंनी सांगितलं. माझीच. मी सोडल्यावर लगेच तिनं अर्ज टाकला होता, फक्त वडलांचा होकार यायचा होता. म्हणजे इतके दिवस माझ्या शेजारी, त्या उशीवर, झोपत होती की डोळे मिटून पडत होती?

परत आले तर काकू दारातच उभ्या. म्हटलं, वाईट वाटलं असेल त्यांना.

"तिची उशी गाडीतच राह्यली का वं? उद्या देऊन देजो तिले. तू तं रोजच जातं."

हो म्हणाले मी. काऊन हो म्हणाले?