पासवर्ड मागणारी मेल

सांगली, शुक्रवार, १९९९

आज थोडक्यात वाचले. सायबर कॅफेत मेल उघडली तर मेल कंपनीच्या नावानं धमकीच: पासवर्ड कळवा, नाहीतर खातं बंद. ह्यांनी बोटीवरून पाठवलेली सगळी पत्रं त्याच खात्यात! घाबरून पासवर्ड लिहिलासुद्धा. पाठवणार, एवढ्यात शेजारी बसलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "थांब गं. खातं त्यांच्याकडंच हाय, मग तुला कशाला इचारत्यात?"

हात थबकला. लिहिलेलं पुसलं, पासवर्डही बदलला. तरी धाकधूक होतीच, खरंच बंद केलं तर? म्हणून संध्याकाळी परत जाऊन पाहिलं. पत्रं सगळी जागच्या जागी, वर ह्यांची नवी मेल: दिवाळीला घरी येतोय. डोळेच भरून आले.

पण मी पासवर्ड लिहिलाच कसा?

घरी येताना जाऊबाईंना नवा पासवर्ड सांगायला लागले, तर म्हणाल्या, "मलाबी सांगू नगंस."