भोंग्याची पाठ

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ता. १० फेब्रुवारी १९३७

चि. ईरप्पा यास गंगम्मा आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांनी तुझा लाउडस्पीकर माझ्या माजघरात कुलपात ठेवला आहे आणि तो सिनेमावाल्याला विकून टाका असे दुधनीहून लिहिले आहे, म्हणून हे पत्र. शिवप्पाचे म्हणणे असे, की मठात स्वामीजींनी प्रवचनाला तोंड उघडले आणि यंत्र किंचाळले, स्वामीजी गादीवरून उठून गेले. असले अपशकुनी यंत्र नको. पोराने शेंगांच्या अडतीवर बसावे.

मी त्या दिवशी बायकांत बसले होते. किंकाळी ऐकली, अपशकुन मला दिसला नाही. पण एवढ्याने शिवप्पा ऐकणार नाही. कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकले, यंत्रे नाही. तेव्हा कोणता भाग काय करतो आणि काय बिघडले ते मला समजेल असे लिही. इंग्रजी नावांआड लपू नकोस. गणित अडले की तुझे पोट दुखायचे, तसले कारणही चालणार नाही.

प्रकृतीस जप. लोभ आहेच.
तुझी आत्या, गंगम्मा


दुधनी, ता. १३ फेब्रुवारी १९३७

ती. स्व. गंगम्मा आत्या यांचे चरणी ईरप्पाचा शि. सा. न. वि. वि.

पोट ठीक आहे. अडतीवर पोती शिवतो, सुई पोत्यापेक्षा बोटातच जास्त जाते.

मायक्रोफोन म्हणजे कान. बोलणाऱ्याच्या आवाजाने त्याच्या आतला पडदा हलतो आणि त्या हलण्याची वीज होते. ती लई नाजूक असते. अँप्लिफायर तिला मोठी करतो. भोंगा त्या विजेचा पुन्हा आवाज करून लोकांकडे फेकतो. आवाज किती मोठा हवा ते व्हॉल्यूमच्या खुंटीवर ठरते. मोठा म्हणजे स्वच्छ नव्हे की. खुंटी फार पिळली तर शब्द फाटतात.

आता बिघाड. भोंगा मी लोकांकडे तोंड करून बांधला होता. मठातल्या काशम्मा आजी आल्या आणि म्हणाल्या, भोंग्याची पाठ गादीकडे झाली, गुरूकडे पाठ करून तू बसतोस काय रे? मी बसत नाही. म्हणून मी त्याचे तोंड गादीकडे फिरवले. मुंबईला शिकताना पहिल्याच दिवशी सांगितले होते, की मायक्रोफोनला भोंगा ऐकू येता कामा नये. ते आठवत होते, पण मोठ्यांपुढे बोललो नाही. मग भोंग्याचा आवाज मायक्रोफोनने ऐकला, अँप्लिफायरने वाढवला, भोंगा आणखी ओरडला, तो पुन्हा मायक्रोफोनने ऐकला. असे फिरत राहिले की किंकाळी होते. यंत्र अपशकुनी न्हाय, मीच भित्रा.

आप्पांना हे सांगितले तर विचारतील, मग गुरूकडे पाठ करायची काय? त्यापेक्षा विकू देत.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
आपला, ईरप्पा


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ता. २३ फेब्रुवारी १९३७

चि. शिवप्पा यास गंगम्माचे आशीर्वाद.

ईरप्पा तुला न विचारता इकडे आला, कारण मी तार करून बोलावला. रागवायचे तर माझ्यावर रागाव.

त्याचे पत्र घेऊन मी मठात गेले. कान कोणता, तोंड कोणते, हे स्वामीजींना सांगितले आणि सरळ विचारले, की भोंग्याने आपल्याकडे पाठ केली तर आपला अपमान होतो काय. काशम्मा आजी शेजारीच बसल्या होत्या. स्वामीजी बराच वेळ हसले. मग म्हणाले, "माझ्या पालखीपुढं ललकारी देणारा जन्मभर माझ्याकडं पाठ करूनच चालला. तो माझ्याकडं वळला तर लोकांना कोण सांगणार?" यावर आजींनीच ठरवून टाकले, की भोंगा गादीच्या चांगला पुढे, तोंड लोकांकडे करून बांधावा.

काल सोमवारी तसा बांधला. मध्येच शिट्टीची चाहूल लागली. ईरप्पाने खुंटी थोडी मागे घेतली आणि आवाज कमी पडू नये म्हणून स्वामीजींना मायक्रोफोनच्या जवळ सरकायला सांगितले. सगळ्या मठासमोर सांगितले, हे ध्यानात घे. ते सरकले.

मी मुद्दाम बायकांच्या शेवटच्या रांगेत बसले होते. तिथून आजवर स्वामीजींचे फक्त हात हललेले दिसत. काल त्यांचा खोकलासुद्धा ऐकू आला. शेजारची केराबाई मला म्हणाली, "स्वामी मराठीत बोलत्यात व्हय? मी इतकी वर्सं कानडीच समजत हुते."

आता विकण्याची गोष्ट काढू नकोस. पोती शिवायला दुसरा माणूस पाहा. याची बोटे तुझ्या सुईने चाळण झाली आहेत.

मुलाबाळांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ राग उतरल्यावर पूर्ववत कर.
तुझी बहीण, गंगम्मा

ता. क. माझ्या माजघरात ठेवलेला मायक्रोफोन, अँप्लिफायर, भोंगा, बॅटरी आणि तारेचे वेटोळे, सर्व चालू स्थितीत, आज सकाळी कायमचे ईरप्पाच्या हवाली केले. कुलूप तुझे होते, ते या पत्राबरोबर पाठवले आहे.