मोडी वहीतला एकच चिनी शब्द

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
संशयास्पद कागदपत्रे परीक्षण कक्ष,
बेंगळूर.

विषय : चिनी समजून जप्त केलेली माझी मराठी वही परत मिळणे, निदान पान ४१ वरील एक शब्द मला वाचू देणे.
संदर्भ : पंचनामा दि. ३ डिसेंबर १९६२ व त्यानंतरचे माझे चार अर्ज, ज्यांची पोच मिळालेली नाही.

महोदय,

आपण मूळचे निपाणीकडचे असल्याचे कळल्यावरून हा पाचवा अर्ज मराठीत करण्याचे धाडस करीत आहे. आधीचे चारही इंग्रजीत होते. त्यांचा काही उपयोग झाला नाही, तेव्हा दोष इंग्रजीचाच असावा.

१. मी चामराजपेटेत तसबिरींना चौकटी बसवण्याचे दुकान चालवतो. सन १९५७ मध्ये एका जुन्या चित्राचा पाठचा पुठ्ठा काढला असता आत छापील चिठ्ठी सापडली : ‘फोंग याव, चित्रे व चिनी भांडी, सॅन फ्रान्सिस्को.’ तेव्हापासून मी या गृहस्थांचा माग काढून सापडेल ते या वहीत टिपून ठेवीत आहे. जन्म अमेरिकेतला, आईबाप चिनी. त्यांनी आयुष्यात एकच इंग्रजी पुस्तक लिहिले, नकली फुलदाणी कशी ओळखावी यावर. आणि नव्वदाव्या पानावर कबूल केले की अशा चार आपण स्वतः विकल्या. इतका प्रामाणिक लबाड माझ्या पाहण्यात दुसरा नाही. मुलीशी भांडून त्यांनी घर सोडले, देशोदेशी फिरले आणि छातीच्या दुखण्याला इथली हवा मानवेल म्हणून बेंगळुरास आले. हवा मानवली नाही. सन १९३२ मध्ये ते इथेच वारले. “स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर डोकं खाजवता, आणि हा चिनी कोण लागतो तुमचा?” असे माझी पत्नी शकुंतलाबाई विचारते. या प्रश्नाचे उत्तर आपल्या कक्षाप्रमाणे माझ्याकडेही नाही.

२. गेल्या साली सरहद्दीवर लढाई पेटली. माझ्या नावे अमेरिकेहून पत्रे येतात व त्यांत एका चिनी माणसाचे नाव असते, अशी खबर कोणा शेजाऱ्याने दिली. (तो कोण हे मला ठाऊक आहे. त्याच्या सासऱ्याच्या तसबिरीची काच मी मुद्दाम वाकडी बसवलेली नव्हती.) त्यावरून आपले हवालदार मल्लाप्पा दुकानी आले, वही उघडली आणि म्हणाले, “इदु चीनी अक्षर अल्वा?” मी म्हणालो, चिनी नव्हे, मोडी. आमच्या घराण्यात आजोबांपासून सगळे लिखाण मोडीतच होते. परंतु कानडीत मोडी म्हणजे गारुड, जादू. त्यामुळे पंचनाम्यात ‘चिनी लिखाण’ याखाली ‘आरोपी जादूटोणा करीत असल्याचे स्वतः सांगतो’ अशी भर पडली. मी सही केली, कारण पंचनामा मला वाचायला दिला नाही. वही कधी मिळेल असे विचारता मल्लाप्पा म्हणाले, “नाळे बन्नी, अण्णा.” मी उद्याच गेलो. त्यानंतर असे बरेच उद्या झाले.

३. वही कलकत्त्याच्या तज्ज्ञांकडे पाठवली गेली. त्यांचा अभिप्राय आपल्या कारकुनाने मला माणुसकीने वाचून दाखवला : ‘लिपी चिनी वाटत नाही, तथापि अत्यंत गचाळ हस्ताक्षरातील चिनी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ महोदय, हेरगिरीचा आरोप मी सोसला, जादूटोण्याचाही सोसला. पण माझे वडील विठोजी यांनी रूळ मारमारून ज्या बोटांना वळण लावले, त्यांचे अक्षर गचाळ म्हणणे मला मान्य नाही. पान १७ वरील आकृतीही बॉम्बची नाही. ती फुलदाणी आहे, आणि तीसुद्धा नकली.

४. आता मुख्य मुद्दा. फोंग यांचा स्वयंपाक कृष्णाबाई नावाची बाई करीत असे. गेल्या सप्टेंबरात येलहंक्यास जाऊन मी तिची हकीकत लिहून घेतली. शेवटचे दोन दिवस म्हातारा एकच वाक्य पुटपुटत होता. त्याच्या शेवटी ‘ऊक्के’ असे काहीतरी येई. कानडीत दूध उतू गेले की ‘उक्कितु’ म्हणतात. त्यामुळे तो पुटपुटला की बाई चुलीकडे धावायची. दूध जागच्या जागी असायचे. तीस वर्षे तिने ते वाक्य जसेच्या तसे पाठ ठेवले होते. ती म्हणाली तसे मी मोडीत उतरवले आणि आम्ही दोघे दुधाच्या गमतीवर पोटभर हसलो.

५. ही गंमत मी सॅन फ्रान्सिस्कोला त्यांच्या मुलीस कळवली. बाई एकाहत्तर वर्षांच्या असून अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांचे मार्चमध्ये उत्तर आले, ते वाचून मी दुकान बंद करून घरी गेलो. त्यांच्या बोलीत ‘ऊक-केय’ म्हणजे घर. पण त्याआधीचा शब्द कोणता, असे त्या विचारतात. एक शब्द असेल तर अर्थ ‘घरी जायचे’. दुसरा असेल तर ‘घर नाही’. तीस वर्षांपूर्वी वडील त्यांच्यावर रागावून मेले की नाही, हे त्या एका शब्दावर आहे. मला तो आठवत नाही. मी हसत होतो. कृष्णाबाई पौषात वारली.

६. म्हणून मी स्वतःहून कबुली देतो की वहीत चिनी मजकूर आहे. पान ४१, खालून तिसरी ओळ. बाकी सर्व मराठी आहे. त्या ओळीबद्दल जी शिक्षा असेल ती मी भोगीन, पण आधी ती मला वाचू द्यावी. वही देता येत नसेल तर माझ्या हाती बेड्या घालून आपल्यासमोर पान उघडावे. मी एक शब्द वाचून उठेन. तेही नियमात बसत नसेल, तर आपल्या निपाणीकडच्या कोणा मोडी जाणत्याकडून तो शब्द उतरवून सोबतच्या पाकिटात घालावा आणि ते टपालपेटीत टाकावे. मला कळवले नाही तरी चालेल.

आपला, चिनी नसलेला, नम्र
त्रिविक्रम विठोजी
(सही मोडीत आहे. कृपया जप्त करू नये.)
चामराजपेट, दि. ९ ऑगस्ट १९६३

सोबत :
१. मोडी मुळाक्षरांचा तक्ता, बालबोध अक्षरांसह.
२. मुलीच्या पत्राची नक्कल.
३. सॅन फ्रान्सिस्कोचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले एक रिकामे पाकीट.