गोल टोकाचा साचा

नागपूर, ७ जानेवारी २०२४

ती. स्व. इंद्रकुमार मामांस,
रुचीचा शि. सा. न. वि. वि.

पोलीस शस्त्रागारातून निवृत्त होताना तुम्ही आमच्या रायफल क्लबला दिलेला शिशाच्या गोळ्या ओतायचा गोल टोकाचा साचा आणि नवा सपाट टोकाचा, दोन्हींच्या गोळ्या मी एकाच रिव्हॉल्व्हरने झाडून पाहिल्या. रागावू नका, पण तुमचा हरला. नेम सारखाच, मात्र सपाट टोक निशाणाच्या कागदातून स्वच्छ चकती कापून नेतं आणि गोल टोक कागद फाडतं. गोळी गुणांच्या रेषेला शिवली की नाही, ते कळतच नाही. फोटोत हे नीट दिसेना, म्हणून दोन्ही कागद पोस्टाने पाठवते. रुसून बसू नका, मामींना त्रास होतो.

माया असू द्या.
तुमची रुची

कामठा, १५ जानेवारी

चि. रुचीस अनेक आशीर्वाद.

पयले रागच आला. मग कागद आंगणातल्या उन्हात धरले. सपाट गोळीचे गोल गोल उजेड जमिनीवर पडले. माह्या गोळीचे पुसट, फाटके. पाहतच बसलो. चहा थंडा झाला. वीस वर्सामागच्या मैदानावरच उभा आहो असं वाटून राहिलं होतं.

तवा नेमबाजीच्या स्पर्धेत तुझ्या मामीचा भाऊ शालीकराम पंच होता. शेवटची गोळी दहाच्या रेषेले शिवली म्हणलो, त्यानं नऊच गुण देल्ले. पदक गेलं. तवापासून त्याले दारात येऊ देल्लं नाही. आज समजलं, त्या भोकात कोणालेच काही दिसलं नसतं. बेइमान नव्हता बिचारा. उद्या मामीले घेऊन नवेगावबांधले त्याच्या घरी जातो. लाज वाटते, पण जातो.

खुशाली लिहत जाजो.
तुझा मामा

कामठा, १८ जानेवारी

चि. रुचीस आशीर्वाद.

जाऊन आलो. शालीकराम तलावाच्या पाळीवर बसला होता. धुक्यात पाणी कुठं सरते अन् आभाळ कुठं लागते, समजत नव्हतं. चूक माही, माफ कर म्हणलो. तो म्हणाला, जीजाजी, शंका असली तर जास्त गुण द्याचा नियम होता. मले शंका होती. पण बहिणीच्या नवऱ्याले पदक देल्लं म्हणतील लोकं, या भेवानं नऊ लिहिले.

मले राग याले पायजे होता. नाही आला. दोघंही धुकं उठेपर्यंत तिथंच बसलो, लय हलकं वाटलं.

तुझी मामी मागंच उभी होती. म्हणाली, तुमच्या नऊ अन् दहामधी माह्या वीस भाऊबीजा गेल्या.

लोभ ठेवजो.
तुझा मामा