ओयमोचे शांततेचे प्रमाणपत्र

प्रति,
मा. प्रमुख,
जिल्हा आरोग्य विभाग, पामीर

विषय : माझ्या सुनेस दिलेले 'उत्कृष्ट शांतता' प्रमाणपत्र रद्द करून मंगळवारच्या विणकामात बोलण्याची मुभा मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

मी, सवसन दावलतमिरोवा, वय ६३, राहणार सारिचश्मा, विनंतीपूर्वक कळविते की,

१. आमच्या गावच्या बायका दर मंगळवारी दवाखान्यामागच्या खोलीत आकडीने लोकरी मोजे विणतात. मोजा बोटांकडून सुरू होतो, आणि नक्षी कागदावर नसते. एकीने रंग पुकारायचा, बाकीच्यांनी तो उचलायचा. "लाल तीन, काळा एक. अगं निगीना, नवऱ्याचा पाय आहे की तंबू?" असे आज्यांपासून चालत आले आहे.

२. माझी सून ओयमो गेल्या शरदात तान्हे बाळ गेल्यापासून एक अक्षर बोलत नव्हती. मी तिला नुसते शेजारी बसवले, हाती आकडी दिली. नवव्या मंगळवारी माझा रंग चुकला, तेव्हा ती म्हणाली, "आई, पांढरा घ्या." कुणीही मान वर केली नाही. मुद्दामच, बुजेल म्हणून. शिरचायचे, आमच्या खारट दूधचहाचे, वाडगे तसेच निवले.

३. जानेवारीत आपण त्याच खोलीत, मंगळवारीच, 'मनःशांती विणकाम वर्ग' सुरू केला. प्रशिक्षिका बाई गुणी आहेत. पण टाक्यागणिक श्वास मोजा, तोंड बंद ठेवा, हा त्यांचा नियम. रंग पुकारायचाच नाही, तर नक्षी यायची कुठून? तेव्हापासून आम्ही अकराजणी नुसते करडे मोजे विणत आहोत.

४. पहिल्या अर्जावर आपण संयमाविषयीचे पत्रक धाडलेत. दुसऱ्यावर, माझ्या नावापुढे 'चिडचिड' असा शेरा मारून त्याच वर्गास आणखी आठ वेळा बसण्यास फर्मावलेत. चिडचिड आहे, नाकारत नाही. ती आपल्या औषधाने झाली आहे.

५. वर्ग लागला आणि ओयमो पुन्हा मिटली. गेल्या आठवड्यात नवरोजच्या कार्यक्रमात टाळ्यांच्या गजरात तिला 'उत्कृष्ट शांतता' प्रमाणपत्र मिळाले. खाली कारण : 'वर्गात सर्वांत शांत.' घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली. निगीना म्हणाली, "सवसनआपा, दुखण्यालाच बक्षीस दिलं की यांनी."

तरी वर्ग खुशाल चालवावा, श्वासही मोजून घ्यावेत. फक्त मंगळवारी आम्हास मोठ्याने रंग पुकारू द्यावेत. आणि आपल्या नोंदवहीत ओयमोच्या नावापुढे 'शांत' असे लिहिले आहे, ते खोडून 'बोलत नाही' असे लिहावे.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
सवसन दावलतमिरोवा
सारिचश्मा, २७ मार्च

सोबत : प्रमाणपत्र, मूळ प्रत. परत पाठवू नये.